कला तासिकेतून धड्यात आणताना: खान्देशातल्या प्राथमिक शिक्षकांसाठी

पहिली ते पाचवीच्या बहुतेक वर्गांत चित्र धडा संपल्यावर येतं. तापीचा पाठ शिकवून होतो, प्रश्नोत्तरं वहीत उतरतात आणि मग बाई म्हणतात, "आता नदीचं चित्र काढा." मुलं ठरलेलं चित्र काढतात: दोन डोंगर, मधोमध सूर्य, खाली निळी नदी, कडेला नारळाचं झाड. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलाच्या चित्रात नारळ येतो. मोह आणि पळस येत नाहीत. नदी कुठून येते, कुठे जाते, तिला कोण मिळतं, यातलं काहीही त्या चित्रानं त्याला शिकवलेलं नसतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेला इतर विषयांशी जोडण्यावर भर आहे. प्रशिक्षणांतही ते ऐकायला मिळतं. पण वर्गात उभं राहिल्यावर "नक्की काय करू?" हा प्रश्न उरतोच. माझ्या मते त्याची एकच कसोटी आहे: ती कृती काढून टाकली, तर मुलाच्या समजण्यात काही उणं पडेल का? पडत असेल तर कला धड्याचं काम करते आहे. पडत नसेल तर ती सजावट आहे. सजावट वाईट नाही, पण तिच्यासाठी चाळीस मिनिटांच्या तासातली पंधरा मिनिटं देणं परवडत नाही.

पहिली पायरी: धडा कुठे अडतो ते शोधा

टाचण, म्हणजे तासाची लेखी तयारी, काढताना धडा मुलांच्या नजरेनं वाचा. मुलं नेमकी कुठे अडखळतात? दर वर्षी कोणता प्रश्न चुकतो? त्या एका जागेवर बोट ठेवा आणि फक्त तिच्यासाठी कृती शोधा. सगळा धडा नाट्यमय करायला गेलं की आठवडाभराची तयारी लागते आणि पुढच्या आठवड्यात आपण सगळंच सोडून देतो.

अडण्याचं कारण कळलं की कला आपोआप सुचते. जागा, आकार, दिशा समजत नसेल तर माती किंवा चित्र. एकामागून एक काय घडतं हे कळत नसेल तर अभिनय किंवा चार चौकटींचं चित्र. पाढे, पट, आवर्तनं यांत अडत असेल तर ताल. दुसऱ्याच्या जागी उभं राहून विचार करायचा असेल तर संवाद आणि बाहुल्या. मांडणी, सममिती, क्रम असेल तर रांगोळी. एका तासाला एकच कला घ्या. गाणं, चित्र, नाटक सगळं एकदम आणलं की मुलांना मजा येते, पण मूळ गोष्ट निसटते.

टाचणात त्या दिवशीची अध्ययन निष्पत्ती (तासाअखेर मुलाला काय यायला हवं ते) जशीच्या तशी लिहा आणि तिच्याखाली एक ओळ लिहा: "ही कृती करताना मुलाला कोणता विचार करावाच लागेल?" ही ओळ लिहिता आली नाही तर कृती बदला.

साहित्य: दुकानात जायच्या आधी शिवारात बघा

शाळेला मिळणाऱ्या अनुदानातून रंगपेट्या येतात, पण जूनमध्ये आलेली पेटी ऑगस्टमध्ये संपते. खान्देशात कलेचं साहित्य घराघरात पडलेलं असतं. कपाशीची बोंडं, सरकी, पऱ्हाटीच्या काड्या, केळीचा सोप, मक्याची बुरकुंडं, भुईमुगाची टरफलं, चिंचोके, दादर ज्वारीची ताटं. केळीच्या बागा असलेल्या गावात माल भरायचे पुठ्ठ्याचे खोके मिळतात. त्यांचा पुठ्ठा मुखवट्यांना आणि नकाशांना उत्तम. सिमेंटच्या कागदी गोण्यांचा आतला थर झटकून घेतला की मोठ्या चित्रांना चालतो. जुन्या दिनदर्शिकांची कोरी बाजू तर आहेच.

रंग मुलांसोबत करा, कारण रंग करणं हाच एक विज्ञानाचा पाठ होतो. हळदीचा पिवळा, बीटाचा गुलाबी, गेरूचा तांबडा, काजळीचा काळा. पळस फुलला की फुलं रात्रभर पाण्यात भिजवा किंवा थोडी उकळा, केशरी पाणी मिळेल. रंग कागदावर टिकावा म्हणून बाभळीचा डिंक पाण्यात विरघळवून त्यात मिसळा. कडुनिंबाची काडी टोकाला चावून तंतू मोकळे केले की ब्रश तयार. हळदीच्या पिवळ्या कागदावर साबणाचं पाणी लावलं की तिथे लालसर डाग उठतो आणि लिंबू लावलं की तो परत पिवळा होतो. मुलं हे पुन्हा पुन्हा करून बघतात. चुन्यानंही हेच होतं, पण चुना डोळ्यांना घातक, तो मुलांच्या हातात देऊ नका.

इथे थोडं सावध राहायला हवं. पहिली-दुसरीची मुलं बारीक बिया नाकात-कानात घालतात, त्यांना चिंचोक्याहून लहान काही देऊ नका. गुंज दिसायला सुंदर असते, पण ती विषारी आहे. एरंडीच्या बियाही तशाच. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो. मुलं बाहेरून साहित्य गोळा करून आणणार असतील तर काय आणायचं नाही हे आधी फळ्यावर चित्रासह लिहा.

पोळ्याला बैल करताना काळ्या मातीचा एक अडसर येतो: वाळताना तिला तडे जातात. माती आदल्या दिवशी भिजवा, खडे काढा, त्यात बारीक भुसा किंवा राख मिसळून चांगली मळा आणि बैल उन्हात न ठेवता सावलीत वाळू द्या. उन्हाचं गणित इथे सगळ्याच कामांना लागू आहे. मार्चपासून सकाळची शाळा सुरू झाली की मातीची आणि अंगणातली कामं पहिल्या तासाला घ्या. नंतर फरशीही तापते आणि मुलंही.

गणित: थाळी आणि ढोल

चौथी-पाचवीत दोन संख्यांची सामाईक पट शोधायची वेळ येते तेव्हा मुलं रीत पाठ करतात, पण ती संख्या "भेटते" म्हणजे काय होतं हे त्यांना दिसत नाही. ते कानाला ऐकवता येतं.

वर्गाचे दोन गट करा. एकाकडे थाळी, दुसऱ्याकडे ढोल. ढोल नसेल तर पत्र्याचा डबा चालेल. सगळ्यांनी एका लयीत १ ते २४ मोठ्यानं मोजायचं. थाळीवाले ३, ६, ९ असे तिनाच्या प्रत्येक पटीला वाजवतील, ढोलवाले ४, ८, १२ असे चाराच्या. लय धिमी ठेवा, तुम्ही स्वतः हातानं मात्रा दाखवा. १२ ला थाळी आणि ढोल एकदम वाजतात, आणि २४ ला पुन्हा. तिथे थांबा. "आता पुन्हा एकत्र कधी वाजेल?" मुलं ३६ म्हणतात आणि मग मोजून खात्री करतात. मग हळूच ४ आणि ६ द्या. मुलांना वाटतं दोन्ही २४ ला भेटतील, पण ती १२ लाच भेटतात. का? हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि उत्तर सांगायची घाई करू नका. चार आणि सहा दोघांच्याही पोटात दोन आहे, हे कुणीतरी शोधून काढतंच. तिसरीसाठी २ आणि ३ पुरे.

दुसरं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला एक शिलालेख आहे. त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त गणितं पद्यात आहेत. भुंग्यांचं एक गणित त्यात येतं: थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलांवर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा गंधांच्या मोहात हवेतच फिरत राहिला. तर थवा केवढा? कुटज म्हणजे सातपुड्यात दिसणारा कुडाच.

हे वर्गात असं करा. पंधरा मुलांना भुंगे करा, पुठ्ठ्याची तीन झाडं तीन कोपऱ्यांत लावा. पाचवा हिस्सा म्हणजे तिघं पहिल्या झाडाकडे जातील, तिसरा हिस्सा म्हणजे पाच दुसऱ्याकडे. फरक दोन, त्याची तिप्पट सहा, ते तिसऱ्याकडे. मधे उरतो एकटा भुंगा. तो भुंगा व्हायला सगळेच हात वर करतात. मग खरं काम: गटांना चिंचोके द्या आणि विचारा, थवा ३० चा असता तर? सहा, दहा, बारा, आणि दोन उरतात. म्हणजे जमलं नाही. अपूर्णांक या मुलांसाठी आता कागदावरचा आकडा राहिलेला नसतो. तो चालत जाऊन उभा राहिलेला असतो.

ठिपक्यांच्या रांगोळीतून वर्गसंख्या दाखवता येतात: एका ठिपक्याभोवती काटकोनात ३, मग ५, मग ७ ठिपके वाढवत नेले की ४, ९, १६ चे चौकोन होतात. हे पाच मिनिटांत होतं आणि परिपाठानंतर अंगणातच करता येतं.

भाषा: आधी घरची बोली, मग पुस्तकातली

खान्देशातल्या पहिलीच्या वर्गात अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, पावरी, मावची, भिली बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. अशा मुलाला पहिल्याच महिन्यात "चित्राचे वर्णन प्रमाण मराठीत कर" म्हटलं की ते गप्प बसतं. त्याला सांगायचं भरपूर असतं, शब्द दुसऱ्या घरचे असतात.

म्हणून क्रम बदला. मूल आधी चित्र काढेल, मग त्याबद्दल घरच्या बोलीत बोलेल. त्याचं वाक्य तुम्ही फळ्याच्या डाव्या बाजूला जसंच्या तसं लिहा: "बैल पानी पी ऱ्हायना." उजवीकडे लिहा: "बैल पाणी पीत आहे." दोन्ही वाक्यं सगळ्यांनी वाचायची. डावीकडचं वाक्य कधी खोडू नका, चूक म्हणू नका, लाल खडू वापरू नका. पावरी किंवा मावची तुम्हाला येत नसेल तर वर्गातल्याच मोठ्या मुलाला दुभाषा करा, त्याला त्या दिवशी जी प्रतिष्ठा मिळते तिचा परिणाम पुढे बरेच दिवस दिसतो. दिवाळीपर्यंत या दोन बाजूंच्या वाक्यांचं एक हस्तलिखित तयार होतं. वर्गातली मुलं ते बालभारतीच्या पुस्तकाइतक्याच आवडीनं वाचतात.

तिसरीपासून कवितेचं काम घ्या. बहिणाबाई चौधरींचं उदाहरण जळगावच्या मुलांना फार जवळचं वाटतं: आसोद्यात जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईनं शेतात राबताना आणि जात्यावर दळताना ओव्या रचल्या. घरच्यांनी त्या ऐकून उतरवल्या आणि १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्यानंतर पुढच्याच वर्षी या ओव्या पुस्तकरूपानं आल्या. मुलांना यातून एक गोष्ट कळते: कविता आधी तोंडात तयार होते, वहीत नंतर जाते.

वर्गात तसंच करा. मुलांना जोडीनं समोरासमोर बसवा, एकमेकांचे हात धरून जातं फिरवल्यासारखे गोल फिरवायला सांगा, म्हणजे लय मिळते. घरातलं एक काम निवडायचं. पहिली ओळ एकानं म्हणायची: काम काय आहे. दुसरी ओळ दुसऱ्यानं: ते करताना काय दिसतं. यमकाचा आग्रह नको. नमुन्यादाखल तुम्ही एक म्हणा:

आई वेचते कापूस, झोळी तिची जड झाली,
घरी येता सावली तिची वाटेवरती लांब झाली.

जमलेली ओळ तीन वेळा म्हणून झाल्यावरच वही उघडायची. लेखनात मागे पडणारी मुलं या कामात पुष्कळदा सगळ्यात पुढे असतात.

परिसर अभ्यास: अंगणातली तापी

तापी पश्चिमेकडे का वाहते, हे नकाशावर दाखवून चौथीच्या मुलाला पटत नाही. अंगणात पाणी ओतून पटतं. आदल्या संध्याकाळी सुमारे दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर माती पसरून भिजवून ठेवा, लांबी पूर्व-पश्चिम धरा. सकाळी सूर्याकडे बघून मुलांनाच दिशा ठरवू द्या. पूर्वेकडची बाजू वीतभर उंच करा, पश्चिमेकडे उतार द्या. उत्तर कडेला दगड रचून सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा. मधून बोटानं तापीचं पात्र ओढा. दक्षिणेकडून पूर्णा, वाघूर, गिरणा, पांझरा. उत्तरेकडून सुकी, अनेर, गोमाई. प्रत्येक गटानं एक नदी खणायची आणि तिला काडीवर कागदी निशाण लावायचं.

मग पूर्वेच्या टोकाला, मध्य प्रदेशातल्या मुलताईच्या जागी, तांब्यानं सावकाश पाणी ओता. पाणी भुसावळ ओलांडून, प्रकाशाजवळून सुरतेकडे जातं तेव्हा वर्गात एकही मूल दुसरीकडे बघत नसतं. आता प्रश्न विचारा. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले तर कोणत्या गावांना सावध करायला हवं? आपलं गाव कुठे? आपल्या गावाच्या नाल्याचं पाणी शेवटी कोणत्या समुद्राला मिळतं? मुलांनी आपापल्या घराचं निशाण लावल्यावर त्याच मांडणीचं चित्र कागदावर काढून घ्या. या वेळी कोणीही नारळ काढत नाही.

याच पाठाच्या पुढे धुळे जिल्ह्यातली पांझरेकाठची सिंचनाची फड पद्धत घेता येते. बंधारा, पाट, एका फडात (शेतांच्या एका गटात) सगळ्यांचं एकच पीक आणि पाणी वाटणारा पाटकरी, ही सगळी व्यवस्था शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेली. ती सांगून समजत नाही, खेळून समजते. सहा मुलांना ओळीत बसवा, पहिला पाटाच्या तोंडाशी, सहावा शेवटी. चाळीस चिंचोके म्हणजे पाणी. पहिल्या फेरीत ज्याला हवे तितके त्यानं घ्यायचे. शेवटच्याला बहुतेक वेळा काहीच उरत नाही. त्याचा चेहरा बघून वर्गच म्हणू लागतो की हे बरोबर नाही. मग नियम मुलांनी करायचे, एक पाटकरी नेमायचा आणि दुसरी फेरी खेळायची. नियमांवर भांडण होईल, ते होऊ द्या. नागरिकशास्त्राचा तो सगळ्यात चांगला तास असतो.

सावलीच्या पाठासाठी चाळीसगावच्या केकी मूस (१९१२–१९८९) यांची गोष्ट सांगा. साध्या वस्तू टेबलावर मांडून, त्यांच्यावर नेमका प्रकाश पाडून ते निसर्गदृश्याचा भास देणारी छायाचित्रं काढत. मुलांना कापूस, दगड, काड्या आणि एक विजेरी द्या, खिडक्या लावून घ्या आणि सकाळचं, दुपारचं, संध्याकाळचं गाव करायला सांगा. विजेरी खाली आणली की सावली लांबते, वर नेली की आखूड होते, हे त्यांना स्वतःला शोधू द्या.

इतिहासाचं नाटक करताना

नंदुरबारच्या मुलांना शिरीषकुमार माहीत असतो: ९ सप्टेंबर १९४२, हातात तिरंगा, पोलिसांचा गोळीबार. शाळेत याचं नाटक झालं की सगळा जोर गोळी लागून पडण्यावर जातो आणि मुलं खोट्या बंदुकांत रमतात. तो क्षण करू नका. त्याऐवजी मिरवणुकीला निघण्यापूर्वीचा क्षण घ्या. घरातून निघणारा मुलगा, दारातली आई, शेजारचा दुकानदार, रस्त्यातला शिपाई. चौघांनी हालचाल न करता चित्रासारखं उभं राहायचं. तुम्ही ज्याच्या खांद्याला हात लावाल त्यानं त्या माणसाच्या मनातलं एक वाक्य बोलायचं. उरलेला वर्ग मग त्याला प्रश्न विचारेल. शेवटी फळ्यावर दोन रकाने करा: आपल्याला नक्की माहीत असलेलं आणि आपण कल्पनेनं घातलेलं. हा दुसरा रकाना सोडून दिला तर मुलं कल्पनेलाच इतिहास समजून बसतात.

गावातल्या माणसांना वर्गात बोलवा

कानबाई आणि गुलाबाई या खान्देशी सणांची गाणी म्हणणारी आजी, गावातला कुंभार, होळीला ढोल वाजवणारे काका, 'वही' हा खान्देशी लोकगीतप्रकार गाणारे कलावंत: यांच्याइतके चांगले कलाशिक्षक शोधून मिळणार नाहीत. निरोप पाठवू नका, स्वतः घरी जा. कापूस वेचणीचे दिवस असतील तर त्यांच्या सोयीनं वेळ ठरवा, त्यांची मजुरी बुडणार नाही असं बघा. कानबाईची गाणी पूजेची असतात, शाळेत कोणती म्हणायला त्यांची हरकत नाही हे आधी विचारा. "आजी, तुम्ही म्हणाल तसंच करू" एवढं म्हटलं की त्या आनंदानं येतात. त्या गात असताना मुलांना काम द्या: कोणती ओळ परत परत येते, कोणाकोणाची नावं येतात, किती पिकं आली. नाहीतर मुलं नुसती ऐकतात आणि तास संपतो.

गुलाबाई भाद्रपद-आश्विनात येते, म्हणजे शाळा जोरात सुरू असताना. आखाजी (अक्षय्य तृतीया) मात्र बहुतेक वेळा परीक्षांच्या गडबडीत किंवा सुटीत जाते, तिची झोक्याची गाणी आधीच घेऊन ठेवा.

गोंधळ, वेळ आणि नोंदी

आवाज होणारच. तो थांबवायचा एक इशारा ठरवा, थाळीचा एक ठोका पुरे, आणि कृती सुरू करण्याआधी तो दोनदा सरावून घ्या. साहित्य वाटणं आणि गोळा करणं ही कामं मुलांच्या गटांची. द्विशिक्षकी शाळेत दोन इयत्ता एकत्र असतील तर एकाच कृतीचे दोन स्तर करा: अंगणातल्या तापीत दुसरीची मुलं निशाणं लावतील, चौथीची प्रश्न सोडवतील.

गुण चित्राच्या देखणेपणाला देऊ नका. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या नोंदींत, प्रात्यक्षिक, उपक्रम, तोंडी काम ही साधनं आहेतच, तिथे याची नोंद बसते. "छान चित्र काढतो" या वर्णनात्मक नोंदीला अर्थ नाही. "तापीला दोन्ही बाजूंनी नद्या मिळतात हे मांडणीतून दाखवतो व कारण सांगतो" ही नोंद पुढच्या वर्गशिक्षकाच्या उपयोगाची आहे. त्यासाठी प्रत्येक कृतीनंतर पाच-सहा मुलांकडे जाऊन एकच प्रश्न विचारा: "हे इथे असं का केलंस?" उत्तर तिथल्या तिथे टिपा. पुढच्या वेळी दुसरी पाच-सहा मुलं.

पालक म्हणतात, "पोरं नुसती खेळतात, शिकतात कधी?" त्यांना समजावून सांगत बसण्यापेक्षा पालकसभेच्या दिवशी तेच काम मुलांकडून त्यांच्यासमोर करवून घ्या. पाणी ओतून तापी दाखवणारी चौथीची मुलगी बापाच्या शंकेचं उत्तर तुमच्याहून चांगलं देते.

दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याच्या बऱ्याच वाड्यावस्त्यांतली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात त्याच्या कामाची एक पिशवी द्या: त्याची चित्रं, त्याच्या ओव्या, कोरे कागद, दोन खडू, आणि "तिथे बघितलेली एक गोष्ट रोज काढ" एवढंच काम. पिशवीतल्या कामाची एक प्रत किंवा फोटो शाळेत ठेवा, म्हणजे ते मूल परतलं की धडा कुठून पुढे न्यायचा ते तुम्हाला लगेच कळेल.